साप चावला तर हलवू नका, औषध अंगावर पडलं तर आधी धुवा: कोकणातल्या बागा-शेतांसाठी क्रमवार मार्गदर्शन

सर्पदंश आणि फवारणीची विषबाधा या दोन अपघातांत पहिल्या पाच मिनिटांत करायच्या गोष्टी एकमेकांच्या उलट आहेत. वाड्यावाड्यांत नेमकी त्यांचीच अदलाबदल होते. फुरसं चावलेल्याला विहिरीवर चालवत नेतात आणि पाय चोळून धुतात. फवारताना चक्कर आलेल्याला मात्र औषधाने भिजलेल्या शर्टासकट रिक्षात घालतात, आणि रुग्णालय येईपर्यंत ते औषध कातडीतून अंगात जिरत राहतं. दोन्ही वेळी माणसं जिवाच्या आकांताने धावत असतात. त्यांची माया कमी पडत नाही, क्रम चुकतो. म्हणून हा लेख फक्त क्रमाबद्दल आहे.

पावसाळ्यात, म्हणजे लावणी-बेणणीच्या दिवसांत, दंश जास्त होतात. फवारणीचा मोठा हंगाम आंब्याच्या पालवी-मोहोरापासून फळ तयार होईपर्यंत चालतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकीकडे भातकापणी आणि दुसरीकडे कलमांवरची फवारणी असते. तेव्हा दोन्ही धोके एकाच माणसाच्या वाट्याला येतात.

टप्पा १: हंगामाआधीची तयारी

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो आणि सगळ्यात जास्त जीव त्यानेच वाचतात. एक दुपार काढा.

पहिलं काम रुग्णालयाची चौकशी. सगळ्यात जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय, तिन्ही ठिकाणी स्वतः जा किंवा फोन करा. प्रश्न नेमके विचारा: सर्पदंशाची लस (अँटीस्नेक व्हेनम) आज साठ्यात आहे का? किती कुप्या आहेत? रात्री डॉक्टर मुक्कामाला असतात का? अ‍ॅट्रोपीन (कीटकनाशकाच्या विषबाधेवरचं औषध) आहे का? श्वास बंद पडला तर कृत्रिम श्वास देण्याची सोय आहे का? “सगळं आहे हो” या उत्तरावर थांबू नका, कुप्यांचा आकडा विचारा. विषाची लक्षणं असलेल्या रुग्णाला सुरुवातीलाच साधारण १० कुप्या लागतात. दोन कुप्या असलेलं केंद्र कामाचं आहे, पण तिथून पुढे कुठे जायचं हेही आधीच ठरलेलं हवं.

दुसरं काम रेंजचं. सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, कित्येक बागांत फोन लागत नाही. कोणत्या गडग्यापाशी (दगडी कुंपणापाशी) किंवा कोणत्या वळणावर रेंज मिळते ते प्रत्येक गड्याला जागेवर नेऊन दाखवा. १०८ ला फोन केल्यावर “आमच्या बागेत या” म्हणून भागत नाही. मुख्य रस्त्यावरची शाळा, देऊळ, बसथांबा अशी खूण सांगावी लागते. ती मराठीत आणि हिंदीत कागदावर लिहून मांगराच्या (बागेतल्या खोपीच्या) दारामागे चिकटवा. बागेत राखणीला नेपाळी गडी असतील तर हे दुप्पट महत्त्वाचं आहे. बाटलीवरचं मराठी-इंग्रजी लेबल त्यांना वाचता येत नाही आणि गावातलं कोणी त्यांच्या ओळखीचं नसतं.

तिसरं, गाडी. रात्री दोन वाजता कोणाची गाडी निघेल ते ठरवून ठेवा आणि त्याला तसं सांगून ठेवा. रस्ता नसलेल्या वाडीत डोली कुठे ठेवली आहे आणि उचलायला चार माणसं कोण, हेही आधीच ठरवा.

तपासून पाहा: घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला विचारा, “बाबांना साप चावला तर तू काय करशील?” त्याला रेंजची जागा, १०८ आणि गाडीवाल्याचं नाव सांगता आलं तर तुमची तयारी झाली.

टप्पा २: दंश टाळण्याचं काम

कोकणात माणसं मारणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळावर फुरसं फार. ते जेमतेम हातभर लांबीचं असतं आणि दगडाच्या रंगाचं असल्याने दिसत नाही. डिवचलं की वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा खर्रखर्र आवाज काढतं. तो आवाज आला की पाय जिथे आहे तिथेच थांबवा, आवाजाची दिशा बघा आणि मग मागे व्हा.

फुरशाचे दंश बहुतेक पावलाला आणि बोटांना होतात. म्हणून हात आणि पाय कुठे जातात त्यावर लक्ष ठेवा.

१. पातेरा गोळा करताना, पडलेल्या काजू-बिया वेचताना आधी काठीने पातेरा हलवा, मग हात घाला. पहाटेच्या अर्ध्या उजेडात बिया वेचणं बंद करा. अर्धा तास उशीर झाला तर बी कुठे जात नाही.

२. चिरे, गडग्याचे दगड, लाकडाची रास आणि पेंढ्याची उडवी हलवताना वस्तू आपल्याकडे ओढून उचला. आपल्याकडची कड आधी वर उचलली तर खालचा साप तुमच्या पायांकडे निघतो. आपल्याकडची कड जमिनीला टेकलेली ठेवून दगड उलटा, म्हणजे खालची जागा तुमच्यापासून पलीकडे उघडते.

३. बागेत, सड्यावर आणि गवत कापताना गमबूट घाला. लावणीच्या चिखलात गमबूट रुततात, तिथे ते घाला म्हणणं व्यर्थ आहे. पण बांधावरून येता-जाता ते घालता येतात आणि बांधावरच दंश जास्त होतात. बूट पायात घालण्याआधी उलटा करून झटका.

४. रात्री अंगणापलीकडे पाऊल टाकायचं तर बॅटरी हवीच. विहीर दहा पावलांवर असली तरीही.

५. जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्री घरात येते आणि झोपलेल्याला चावते. खाट नसेल तर निदान मच्छरदाणी लावा आणि तिची कड चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचा. नुसती सोडलेली मच्छरदाणी साप अडवत नाही. भाताची कणगी आणि कोंबड्यांचं खुराडं झोपायच्या खोलीपासून लांब ठेवा, कारण उंदरामागे साप येतो.

हिरवा चापडा बांबूत, झुडपांत आणि फांद्यांवर बसतो. त्याच्या दंशाने सूज आणि वेदना खूप होतात, जीव जाणं विरळा. आपल्याकडची लस वरच्या चार सापांच्या विषावर बनते, चापड्यावर ती चालत नाही. तरी रुग्णालयात जायचंच. साप कोणता होता हे घरी ठरवून उपचार टाळणं ही जीवघेणी चूक आहे. बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांत तर भलेभले फसतात.

टप्पा ३: फवारणीचा दिवस

भाताला फवारणारा खाली बघून फवारतो. हापूसच्या कलमाला फवारणारा वर बघून फवारतो, आणि उडालेलं सगळं औषध त्याच्याच तोंडावर, मानेवर, बाहीत येतं. एचटीपी पंपाच्या (जास्त दाबाने फवारणाऱ्या यंत्राच्या) गनचा दाब वाढवला की तुषार आणखी बारीक होतात आणि आणखी आत जातात. म्हणून कलमांच्या फवारणीची काळजी वेगळी.

पोशाख. पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, रुंद काठाची टोपी, चष्मा, मास्क आणि रबरी हातमोजे. कापडी किंवा चामडी मोजे औषध शोषतात, ते नकोत. हात वर करून फवारायचं असेल तर मोजा बाहीच्या वरून घाला आणि त्याची कड बाहेर दुमडा, म्हणजे ओघळ त्या दुमडीत थांबतो. मोजा बाहीच्या आत असेल तर औषध कोपरावरून थेट काखेत जातं. पॅन्ट मात्र गमबुटाच्या बाहेर सोडा, आत खोचू नका. तोंडाला बांधलेला रुमाल अर्ध्या तासात भिजतो आणि मग तोच नाकाशी धरलेला विषाचा बोळा होतो.

वेळ. सकाळी लवकर सुरू करा. दुपारकडे समुद्राकडून खारा वारा सुटला की थांबा, पिंपात औषध उरलं असलं तरी थांबा. “एवढं संपवूनच जाऊ” या हट्टापायी विषबाधा होते. वारा पाठीवर घ्या आणि ओळीत मागे सरकत फवारा, म्हणजे फवारलेल्या झाडाखालून पुन्हा जावं लागत नाही.

माप. बाटलीच्या बुचाने मोजू नका. आंब्याच्या तुडतुड्यांसाठी इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्केची दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस १० लिटरला ३ मिली आहे. म्हणजे २०० लिटरच्या पिंपाला ६० मिली. हे अंदाजाने ओतणारे सहज दुप्पट ओततात. कीटकनाशक, बुरशीनाशक, विद्राव्य खत आणि टॉनिक असं चार-पाच औषधांचं मिश्रण करण्याची पद्धत वाढली आहे. ते टाळा. अपघात झाला तर डॉक्टरांना कशावर उपचार करायचे तेच कळत नाही.

मिश्रण करताना औषध सगळ्यात कडक असतं आणि नेमकं तेव्हाच माणसं उघड्या हाताने ढवळतात. ढवळायला लांब काठी घ्या, ती आणि बादली फक्त याच कामाला ठेवा. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका, जुन्या टूथब्रशने साफ करा.

बाटलीवरच्या चौकोनातला खालचा त्रिकोण बघा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निरुपद्रवी असं समजू नका.

इशारा: फवारणी चालू असताना तंबाखू, बिडी, मिश्री, चहा काहीही नको. तंबाखू मळणारा हात थेट ओठात जातो. एकट्याने फवारू नका. रोज त्याच माणसाला गन देऊ नका, पाळी लावा.

काम संपल्यावर साबणाने डोक्यापासून आंघोळ, आणि कपडे वेगळ्या बादलीत. घरच्या बाईने ते मुलांच्या कपड्यांत मिसळून वहाळावर नेऊ नयेत. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पिंपातच घाला आणि मग बाटलीला भोक पाडा. उरलेलं औषध पाण्याच्या किंवा कोकम आगळाच्या बाटलीत कधीच ओतू नका. तहानलेल्या मुलाने ती तोंडाला लावायला एक क्षण पुरतो.

टप्पा ४: माणूस कोसळला, काय झालंय ते ओळखा

बहुतेक वेळा ते उघड असतं. संशय असेल तेव्हा एक मिनिट द्या, जास्त नाही.

कीटकनाशकाचा, विशेषतः डायमेथोएट, क्विनॉलफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस या गटाचा परिणाम असेल तर माणूस घामाने निथळतो. लाळ आणि डोळ्यांतून पाणी येतं, उलटी-जुलाब होतात, छातीत घरघर होते, स्नायू थरथरतात. पापणी उघडून बघा, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली दिसते. अंगाला औषधाचा वास येतो.

नाग किंवा मण्यारीचा दंश असेल तर आधी पापण्या मिटू लागतात. मग जीभ जड होते, गिळता येत नाही, मान धरवत नाही. बाहुली टाचणीएवढी नसते. घोणस आणि फुरशाच्या दंशात सूज, वेदना आणि नंतर हिरड्यांतून, जुन्या जखमांतून, लघवीतून रक्त येतं.

मण्यार वेगळीच फसवते. दंश दुखत नाही आणि खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ, घसा दुखणं, पापण्या जड होणं, आणि घरचे म्हणतात पित्त झालं. जमिनीवर झोपलेला माणूस पावसाळ्यात पहाटे असा उठला तर तो सर्पदंश समजूनच गाडीत घाला.

नक्की कळत नसेल तर: माणसाला आडवाच ठेवा, उठवू नका. तसाच झोपलेला असताना कपडे काढा, अंगावरून साबण-पाणी घ्या आणि न्या. यात दोन्ही शक्यता सांभाळल्या जातात.

टप्पा ५: सर्पदंश

१. सापापासून लांब व्हा. तो मारत बसू नका आणि पिशवीत घालून रुग्णालयात नेऊ नका. लांबून फोटो मिळाला तर घ्या, नाहीतर सोडा. चारही सापांना लस एकच आहे.

२. माणसाला जिथे आहे तिथे बसवा किंवा झोपवा. धीर द्या. भोवती रडारड झाली की त्याच्या काळजाचे ठोके वाढतात आणि विष वेगाने पसरतं. बोलायला एकच शांत माणूस ठेवा: “काकी, गाडी येतेय, पाय हलवू नका, मी इथेच आहे.”

३. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण, घड्याळ, मनगटाचा-पायाचा दोरा लगेच काढा. सूज आली की ते निघत नाहीत आणि रक्त अडवतात. जोडवी काढायला बायका तयार होत नाहीत. वडीलधाऱ्या बाईनेच सांगावं, “आता काढ गो, मागाहून घाल.”

४. हाड मोडल्यावर बांधतो तसा हात किंवा पाय काठीला, बांबूच्या कांबीला किंवा मिटलेल्या छत्रीला सैल बांधा. फडक्याखाली बोट सहज शिरलं पाहिजे. रक्त अडवायला नाही, हालचाल थांबवायला बांधायचं आहे.

५. उचलून गाडीपर्यंत न्या, चालवू नका. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा. फक्त मोटारसायकल असेल तर रुग्णाला चालवणारा आणि मागे बसणारा यांच्या मधे बसवा.

६. किती वाजता चावला, पहिलं लक्षण किती वाजता आलं, ते रुग्णाच्या हातावर किंवा फोनमध्ये लिहा.

हे करू नका: आवळपट्टी बांधणं, ब्लेड मारणं, तोंडाने विष ओढणं, बर्फ लावणं, कोंबडी लावणं, मिरची किंवा कडुलिंब चाखवून विष ‘बघणं’, मुळी उगाळून पाजणं. फुरशाच्या दंशात ब्लेड मारणं सगळ्यात वाईट, कारण रक्त गोठायचं थांबलेलं असतं आणि तो चीर वाहतच राहतो. कोणी आधीच घट्ट आवळपट्टी बांधली असेल तर ती वाटेत एकदम सोडू नका. डॉक्टरांना दाखवा, ते तयारीनिशी सोडतील.

देवाला गाऱ्हाणं घालायचं असेल तर घरातल्या एकाने देवळात जावं आणि बाकीच्यांनी रुग्णाबरोबर निघावं. रुग्णाला आधी देवळात आणि मग दवाखान्यात नेण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

टप्पा ६: फवारणीची विषबाधा

१. माणसाला फवारलेल्या जागेपासून लांब, वारा जिकडून येतो त्या बाजूला न्या. उचलणाऱ्याने हातात मोजे घाला, नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या चढवा.

२. एक जण १०८ ला फोन करायला निघेल. बाकीच्यांनी कपडे काढायला घ्या. सगळे: शर्ट, बनियान, पॅन्ट, टोपी, बूट. डोक्यावरून ओढू नका, कापून काढा. लाजेपोटी बनियान-लुंगी तशीच ठेवतात आणि औषध नेमकं तिथेच मुरलेलं असतं. वरून स्वच्छ पंचा किंवा चादर गुंडाळा.

३. भरपूर पाणी आणि साबणाने धुवा. केस, कानामागे, काखा, जांघा, नखं. घासू नका, ओघळ सोडा. डोळ्यांत गेलं असेल तर पापणी उघडी धरून १५ मिनिटं स्वच्छ पाणी सोडा.

४. श्वास घरघरत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर धुण्यात वेळ घालवू नका. कपडे काढून दोन-चार बादल्या ओता आणि निघा.

५. डाव्या कुशीवर झोपवून न्या. गाडीच्या काचा उघड्या ठेवा.

६. बाटली, तिचं लेबल आणि माहितीपत्रक बरोबर घ्या. बाटली सांडण्यासारखी असेल तर लेबलाचे चारही बाजूंनी फोटो काढा. डॉक्टरांना कंपनीच्या नावाचा उपयोग नाही, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं तांत्रिक नाव हवं.

हे करू नका: उलटी करवणं, मिठाचं पाणी, दूध, तूप, अंडं किंवा लिंबूसरबत पाजणं. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या फुप्फुसात ते जातं.

डेल्टामेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन यांनी तोंडाची आग आणि मुंग्या येतात. गार पाण्याने आणि साबणाने धुवा. गरम पाण्याने आग वाढते.

तणनाशकांतल्या पॅराक्वाटबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यावर उतारा नाही. एखादा घोट पोटात गेला आणि माणूस दिवसभर ठणठणीत दिसला तरी पुढे मूत्रपिंडं आणि फुप्फुसं निकामी होतात. लक्षणांची वाट बघू नका, त्याच क्षणी निघा आणि पोचल्यावर पहिलं वाक्य “पॅराक्वाट गेलंय” हेच सांगा. ऑक्सिजन कधी द्यायचा याचा डॉक्टरांचा निर्णय त्यावर बदलतो.

टप्पा ७: रुग्णालयात

सर्पदंशात विष रक्तावर चढलंय का हे एका साध्या चाचणीने कळतं. २ मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर लस लागते. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी चुकीचं उत्तर देते. पहिल्या चाचणीत रक्त गोठलं म्हणून घरी निघू नका, ती पुन्हा पुन्हा करावी लागते. लक्षणं नसली तरी किमान २४ तास रुग्णालयात राहा. फुरशाचं विष सावकाश चढतं, आणि “काही झालं नाही” म्हणून संध्याकाळी घरी आणलेला माणूस रात्री रक्त ओकू लागतो.

लहान मुलाला मोठ्याइतकीच लस देतात, कारण सापाने टोचलेलं विष तेवढंच असतं. लस चालू असताना खाज, गांधी किंवा थंडी वाजू लागली तर लगेच नर्सला सांगा. त्यावर औषध असतं आणि लस पुन्हा सुरू करता येते. भीतीने “थांबवा” म्हणू नका.

इशारा: पुढच्या रुग्णालयात पाठवायचं ठरलं तर विचारा, “लसीचा पहिला डोस झाला का?” लक्षणं असलेला रुग्ण लस न देता सिंधुदुर्गातल्या ओरोसला, रत्नागिरीला, गोव्यातल्या बांबोळीला किंवा घाट चढून कोल्हापूरला पाठवणं म्हणजे दोन-तीन तास विषाला देणं. नाग-मण्यारीच्या रुग्णाबरोबर श्वास देण्याची पिशवी आणि ती दाबणारा माणूस हवा. असा रुग्ण डोळे उघडत नाही, बोलत नाही, पण त्याला सगळं ऐकू येतं. त्याच्यासमोर “संपलं” म्हणू नका. श्वास चालू ठेवला तर अशी माणसं दिवसांनी उठून बसतात.

विषबाधेचा रुग्ण अ‍ॅट्रोपीनने सुधारला तरी सुट्टीची घाई नको. एक ते चार दिवसांत मान आणि श्वासाचे स्नायू पुन्हा ढिले पडू शकतात. उशीवरून मान उचलता येते का, हे रोज बघा.

टप्पा ८: घरी आल्यावर

लस घेतल्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांत ताप, सांधेदुखी, पुरळ आलं तर परत जा. लघवी कमी झाली किंवा तांबडी-काळी झाली तर त्याच दिवशी जा. विषबाधा झालेल्याला डॉक्टर सांगेपर्यंत फवारणीला लावू नका, पिंपाजवळच्या हलक्या कामालाही नाही.

केसपेपरवर ‘सर्पदंश’ किंवा ‘कीटकनाशक हाताळताना विषबाधा’ असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ‘चक्कर’ किंवा ‘सूज’ लिहिलं तर पुढे काही सिद्ध होत नाही. शेतकऱ्याचा मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत या दोन्ही अपघातांचा समावेश आहे. मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत करायचा असतो. सुतकातच ही मुदत निघून जाते, म्हणून शेजाऱ्याने किंवा कृषी सहायकाने घरच्यांना आठवण करून द्यावी. ही योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्यांची आणि त्यांच्या कुटुंबातल्या एका व्यक्तीची आहे. परक्या बागेत रोजाने फवारणाऱ्या भूमिहीन मजुराला ती लागू होत नाही, आणि औषध सगळ्यात जास्त त्याच्याच अंगावर पडतं. बागायतदारांनी हंगामाच्या सुरुवातीलाच अशा गड्यांचा अपघात विमा काढावा आणि त्याचा कागद रेंजच्या खुणेच्या कागदाशेजारी मांगराच्या दारामागे लावावा.